त्रेपन्नावा आठवडा

आमच्या लुंडहाम्न गावात नवीन माणूस भेटला की लग्न झालंय का, असं आम्ही विचारत नाही. ते बरं दिसत नाही. आम्ही विचारतो, "सम की विषम?" म्हणजे तुझी मुलं तुझ्याकडे वर्षातल्या कुठल्या आठवड्यात असतात, सम आकड्याच्या की विषम आकड्याच्या. तो सम निघाला आणि आपणही सम असलो तर कॉफीला जायला हरकत नाही, कारण दोघांचे मोकळे आठवडे एकच. विषम निघाला तर थंडीबद्दल दोन शब्द बोलावेत आणि आपल्या वाटेला लागावं. मी स्वतः सम आहे. माझ्या नवऱ्याशी माझं काडीमोडानंतर फार छान जमतं, कारण तो विषम आहे आणि आम्ही भेटतच नाही.

गावाला ही सवय लावली ती गुनवोर शेर्नलुंडने. पालिकेच्या कौटुंबिक कायदा विभागात तिची खोली होती आणि चौदा वर्षं माझं टेबल तिच्या समोर होतं. वेगळी होणारी जोडपी आधी तिच्याकडे यायची. ती त्यांना बोलतं करायची, भांडू द्यायची, मग करार लिहायची. पालिकेच्या समितीने त्यावर सही केली की त्या कागदाला कोर्टाच्या निकालाचं वजन यायचं. बुटकी, रुंद बाई. अंगात स्वतः विणलेली, एक बाही हमखास लांब झालेली जाकिटं. आणि हसणं असं की एकदा सुरू झालं की उचकी लागायची, आणि उचकी लागली की तिला त्याचंच हसू यायचं. कित्येक जोडपी तिच्या खोलीत एकमेकांचे गळे धरायला आली आणि तिला पाणी आणून देण्यात गुंतली.

खोलीत दालचिनीच्या पावांची ताटली असायची. "तोंड भरलेलं असलं की माणसाला ओरडता येत नाही," हे तिचं कामाचं सगळं तंत्र. पाव तोंडात असतानाच ती कायदा सांगून टाकायची.

"ताबा दोघांचा. म्हणजे शाळा, दवाखाना, पासपोर्ट, हे दोघांनी मिळून ठरवायचं. तुमचं पटत नाही हे मला दिसतंय, पण ते कायद्याला दिसत नाही. राहणं एकाआड एक आठवडा. आणि भेटीचा हक्क, तो तुमच्यापैकी कोणाचाच नाही. तो मुलाचा आहे. तुमचं काम फक्त दार उघडायचं."

मग ती तिचं ते प्रसिद्ध वाक्य टाइप करायची: 'मूल एकाआड एक आठवडा राहील, विषम आठवड्यात वडिलांकडे, सम आठवड्यात आईकडे.' त्या वाक्याचा तिला कोण अभिमान. आठवड्याचे आकडे आमच्याकडे प्रत्येक कॅलेंडरवर छापलेले असतात, दंतवैद्याची वेळही आम्ही 'आठवडा अकरा, मंगळवार' अशीच घेतो, त्यामुळे त्यात वाद घालायला जागाच नव्हती. गावातल्या निम्म्या फ्रिजवर ते वाक्य चुंबकाने लावलेलं होतं.

तिच्या स्वतःच्या फ्रिजवरही कॅलेंडर होतं, पण कोरं. लग्न केलं नाही, मूल नाही. "मी सम नाही, विषम नाही," ती म्हणायची, "मी शून्य. शून्य कुठेही बसतं." यावर ती हसायची आणि उचकी लागायची, म्हणून मी पुढे कधी विचारलं नाही.

तर २००९ सालचा डिसेंबर. खिडकीत आगमनपर्वाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, दुसरी मेणबत्ती पेटलेली, आणि दारात पेर्निला. पेर्निला दंतवैद्याकडे मदतनीस होती. तिने गावातल्या सगळ्यांच्या तोंडात हात घातलेला होता, त्यामुळे कोणाला घाबरायची नाही. तिची मुलगी तूवा नऊ वर्षांची. तूवाचा बाप होकान विषम आठवड्यांचा, पेर्निला सम.

"गुनवोर, तुझ्या वाक्यात खोट आहे," तिने कोट न काढताच सांगितलं.

"बस. पाव घे."

"पाव नको. पावाने तू मला तीन वर्षांपूर्वी फसवलंस. कॅलेंडर बघ. हे वर्ष बावन्नवर संपत नाही. त्रेपन्नावा आठवडा आहे. त्यानंतर नव्या वर्षाचा पहिला. त्रेपन्न विषम. एक पण विषम. म्हणजे तूवा लागोपाठ दोन आठवडे होकानकडे. चौदा दिवस मी काय करू? भिंतीशी बोलू?"

गुनवोरने कॅलेंडर काढलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. मी माझ्या टेबलावरून उठून पाहिलं. पेर्निलाचं खरं होतं.

"आणि त्याच वाक्यात तूच लिहिलंयस, एकाआड एक आठवडा," पेर्निला म्हणाली. "मला एकाआड एक हवाय. बावन्न माझा, त्रेपन्न त्याचा, पहिला माझा. सरळ हिशोब."

एकाच वाक्यात दोन वचनं होती आणि दर पाच-सहा वर्षांनी ती एकमेकांच्या उरावर बसत होती. गुनवोरला हे माहीत नव्हतं असं नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. २००४ सालीही त्रेपन्नावा आठवडा आला होता. तेव्हा आठवडेवाले गावात मोजके होते. कोणाचा तरी एक फोन आला, आणि गुनवोरने पिवळ्या चिठ्ठीवर 'त्रेपन्नसाठी एक ओळ वाढवणे' असं लिहून ती कॉम्प्युटरला चिकटवली. २००५ मध्ये पालिकेने नवे कॉम्प्युटर दिले. जुना गेला, चिठ्ठी त्याच्याबरोबर गेली, आणि गुनवोरने त्यानंतर एकशे नव्वद करार लिहिले.

पेर्निला गेल्यावर गुनवोरला उचकी लागली. हसून नव्हे, घाबरून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोन मुलं आत आली आणि बुटावरचं बर्फ झाडून खुर्च्यांवर बसली. एक तूवा. दुसरा मेल्कर, दहा वर्षांचा. होकान ज्या आनेलीबरोबर राहतो तिचा हा मुलगा. तोही विषम आठवड्यात आईकडे, म्हणजे होकानच्याच घरी असायचा, सम आठवड्यात त्याच्या बापाकडे. आमच्याकडे मंत्र्यालाही अरे-तुरेच करतात, तेव्हा तूवाने गुनवोरची भीड ठेवायचं काही कारण नव्हतं.

"मी सहा वर्षांची असताना तू मला सांगितलं होतंस की हक्क माझा आहे."

"आहेच."

"मग मेल्करला भेटायचा हक्क कुठे लिहिलाय?"

तिने दप्तरातून चौकटीच्या वहीचा कागद काढला. त्यावर आठवडे काढले होते, तूवाचे लाल, मेल्करचे निळे. डिसेंबरपर्यंत लाल आणि निळे शेजारी शेजारी. आईचं ऐकलं तर जानेवारीपासून तूवा सम आठवड्यात बापाकडे जाणार आणि मेल्कर विषमच राहणार. लाल संपलं की निळं, निळं संपलं की लाल. कुठेच शेजारी नाहीत.

"हे किती दिवस असं चालणार?" गुनवोरने विचारलं.

"पुढचा त्रेपन्न २०१५ मध्ये आहे. ग्रंथालयातल्या बाईने शोधून दिलं. तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. पंधराव्या वर्षी दुमजली पलंगावर कोणी झोपतं का?"

"आमचा एकच पलंग आहे," मेल्कर म्हणाला. "मी वर, ती खाली. आता एक आठवडा मी झोपणार, एक आठवडा ती. सहा वर्षं एकाच पलंगावर झोपायचं आणि भेटायचं नाही."

"उशीखाली चिठ्ठी ठेवता येईल," तूवा त्याला म्हणाली.

"चिठ्ठीला रात्री उत्तर देता येत नाही."

गुनवोरने कायद्याचं पुस्तक उघडलं. मला माहीत होतं की ती नुसती पानं उलटतेय, तिला ते पाठ होतं. आईबापांना भेटायचा मुलाचा हक्क त्यात होता. आजीसारख्या जवळच्या माणसासाठीही काही ओळी होत्या. पण बापाच्या बाईच्या मुलाचं, खालच्या गादीवरून वरच्या गादीशी बोलण्याचं, त्यात काही सरळ सापडेना.

"इथे नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"का?"

"लिहिणाऱ्यांकडे दुमजली पलंग नसावा."

तूवाने कागद घडी घालून टेबलावर ठेवला. "तू ठेव. तुझी चूक आहे ना, मग तूच दुरुस्त कर." आणि दोघांनी दोन-दोन पाव उचलले आणि गेली. इतकी वर्षं लोकांनी गुनवोरला काय काय शिव्या घातल्या, पण या पोरीसारखं तिला कोणी झोडपलं नव्हतं.

गुनवोरने आधी सोपा उपाय केला. पेर्निलाचा आठवडा बदलणार असेल तर मेल्करचाही बदलू. मेल्करच्या बापाला फोन केला. तो म्हणाला, माझं काही नाही, पण माझ्या मैत्रिणीच्या जुळ्या मुली मेल्करच्याच आठवड्यात येतात, त्यांच्या बापाला विचार. तो बाप म्हणाला, मला चालेल, पण माझ्या बायकोचा मुलगा आहे, त्याच्या आईला विचार. गुनवोरने मोठा कागद भिंतीला लावला, नावं लिहिली, रेघा ओढल्या. तिसऱ्या दिवशी कागद संपला म्हणून शेजारी दुसरा लावला. रेघ खिडकीवरून वळसा घालून कॉफीच्या यंत्रापर्यंत पोचली. अकरा कुटुंबं, तेवीस मुलं, दोन कुत्रे; कुत्र्यांचेही सम-विषम होते. बाराव्या ठिकाणी माझं नाव आलं.

"लिस्बेत, तू बदलशील?" तिने तिच्या टेबलावरून विचारलं.

"मेले तरी नाही. बदलायचं तर आधी माझ्या नवऱ्याला भेटावं लागेल."

तिने दोन्ही कागद काढून गुंडाळी केली आणि कपाटामागे उभी केली. पेर्निलाला दोनदा बोलावून झालं, पेर्निला दोनदा नाही म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. पोरीशिवाय चौदा दिवस ती कधी राहिली नव्हती, आणि कागदावर 'एकाआड एक' लिहिलेलं होतं. कोर्टात गेली असती तर काय झालं असतं देव जाणे. कोर्टाचा निकाल येईपर्यंत मेल्करला दाढी आली असती.

तेरा डिसेंबरचा लुसियाचा सण झाला. केशरी पाव खाऊन सगळं ऑफिस सुस्तावलेलं असताना कॉनी आत आला. कॉनी आमच्या हॉकीच्या मैदानावर बर्फ सपाट करणारं यंत्र चालवतो. सहा फुटांचा गडी, पण टोपी हातात घेऊन पाहुण्यासारखा बसला.

"मला एक नुसतंच विचारायचंय," तो म्हणाला. "गावात बोलतायत की काही लोक यंदा आठवडे बदलणार आहेत. खरंय का?"

"तुझं काय आहे? तुझी मुलं सम आहेत ना?"

"हो. विषम आठवड्यात मी मोकळा." तो कानापर्यंत लाल झाला. "तशी एक व्यक्ती आहे. तिची मुलगीही सम. म्हणजे तीही विषमला मोकळी. म्हणून जमतं आमचं. ऑगस्टपासून. कोणाला माहीत नाही."

"बरं."

"ती जर बदलली तर माझ्या मोकळ्या आठवड्यात तिच्याकडे तूवा, आणि तिच्या मोकळ्या आठवड्यात माझ्याकडे..." त्याने जीभ चावली. "नाव घ्यायला नको होतं."

"मी नाव ऐकलं नाही," गुनवोर म्हणाली. "लिस्बेत, तू ऐकलंस?"

"मी पाव खातेय."

तो जाईपर्यंत गुनवोरने दम धरला. दार लागलं आणि तिने जाकिटाची लांब बाही तोंडात कोंबली. उचकी इतकी लागली की टेबलावरचे पेन सरकले. मीही हसत सुटले. हॉकीचं यंत्र आणि दंतवैद्याची खुर्ची, आणि आख्ख्या गावात कोणाला पत्ता नाही.

पण आमच्या कामात गुप्ततेचा नियम कडक असतो. एकाचं दुसऱ्याला सांगितलं तर नोकरी जाते. गुनवोर पाणी पिऊन शांत झाली आणि तिने पेर्निलाला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, ते नियमात बसतं का मला माहीत नाही.

"पेर्निला, एकच प्रश्न. तूवा नसते त्या आठवड्यात तू काय करतेस?"

"काय करते म्हणजे? भांडी घासते. विणते. तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. फक्त जानेवारीपासून तुझे भांडी घासायचे आठवडे सम होतील. सम आठवड्यात भांडी घासायला तुला चालेल ना, एवढंच. २०१५ पर्यंत."

फोनवर पुटपुटणं ऐकू आलं, "सम, विषम, सम..." मग पेर्निला हळूच म्हणाली, "अरे देवा."

"काय झालं?"

"काही नाही. गुनवोर, सहा वर्षं?"

"तूवाने मोजलंय. तिचा कागद माझ्याकडे आहे."

अर्ध्या तासात पेर्निला हजर झाली, दवाखान्याचा पांढरा अंगरखा कोटाखाली तसाच. तूवाचा कागद तिने टेबलावर पसरला आणि लाल-निळ्यावरून बोट फिरवत गेली. सुरुवातीला तिचे ओठ आवळलेले होते. मग तिला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदमच.

"मला चौदा दिवसांचा नुसता विचार करून धडकी भरली," ती म्हणाली, "आणि पोरीला मी सहा वर्षं सांगत होते. मी कसली आई."

"हट्टी," गुनवोर म्हणाली. "पाव घे."

या वेळी तिने घेतला. होकानला बोलावलं. तो आला तो भांडायच्या तयारीने, पण ताटली त्याच्यापुढेही होती. वर्षअखेर त्रेपन्नाव्या आठवड्यातल्या गुरुवारी येत होती. ठरलं असं की गुरुवार ते रविवार तूवा आईकडे, मग पुन्हा बापाकडे. चौदा दिवसांची सलग फारकत कोणालाच नाही, आणि आठवड्यांचे आकडे जिथल्या तिथे.

"आणि मेल्करलाही घेऊन ये," पेर्निला होकानला म्हणाली. "आनेलीला विचार. माझ्याकडे गादी आहे जादाची." मग खिडकीबाहेर बघत, "आणखी एक जण असेल वर्षअखेरीला. मुलांना सांगायला हवं."

मुलांना सांगितलं तेव्हा तूवा म्हणाली, "आम्हाला ऑगस्टपासून माहितीये. तुझ्या कोटाला हॉकीच्या मैदानाचा वास येतो आणि तुला स्केटिंग येत नाही."

राहिली ती जादाची ओळ. गुनवोर दिवसभर लिहीत आणि खोडत बसली. शेवटी तिने करारात टाकलं: 'त्रेपन्नावा आठवडा आल्यास तो कोणाकडे, हे मुलांना विचारून ठरवावं.' आणि खाली आणखी एक ओळ: 'तूवा व मेल्कर यांचे आठवडे एकच राहतील.'

समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही दुसरी ओळ कुठल्या कलमाखाली येते?"

"पलंगाच्या," गुनवोर म्हणाली. आणि तिला उचकी लागली. अध्यक्ष पाण्याचा ग्लास आणायला धावले, मग बाकीचेही उठले, आणि त्या गडबडीत सह्या झाल्या. मी तिला नंतर विचारलं की ती उचकी खरी होती का. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

पहिली ओळ पुढे सगळ्या करारांत गेली. गुनवोर २०१२ मध्ये निवृत्त झाली. आम्ही तिला त्या अकरा कुटुंबांचे गुंडाळलेले दोन्ही कागद जोडून चौकटीत घालून दिले. ती चौकट तिच्या दिवाणखान्यात मावली नाही, म्हणून तिने ती आडवी करून त्यावर रोपं ठेवली.

मग २०१५ आलं. डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, सोमवार, त्रेपन्नाव्या आठवड्याचा पहिला दिवस. मी दुपारी तिच्याकडे कॉफीला गेले होते. तिचा आवाज जरा बसलेला वाटला. सणाच्या दिवसांत तिला नेहमीच तसं होतं, सगळं गाव कोणाकडे तरी गेलेलं असतं. फ्रिजवरचं कॅलेंडर कोरंच होतं.

बेल वाजली. दारात एक उंच मुलगी आणि तिच्याहून उंच, ओठावर कोवळी मिशी फुटलेला मुलगा. दोघांच्या पाठीवर झोपायच्या पिशव्या.

"त्रेपन्न आलाय," तूवा म्हणाली.

"हो, मी पाहिलं," गुनवोर म्हणाली. "कोणाकडे आहात यंदा?"

"करारात लिहिलंय की आम्हाला विचारायचं. त्यांनी विचारलं. आई, कॉनी, बाबा, आनेली, मेल्करचा बाबा, सगळ्यांनी." तिने बूट काढले. "आम्ही तुझं नाव सांगितलं."

गुनवोर दार धरून उभी राहिली. थंड वारा आत येत होता, पण तिला दार लावायचं सुचेना. "माझ्याकडे पलंग एकच आहे," ती म्हणाली.

"आम्ही जमिनीवर झोपू," मेल्कर म्हणाला. त्याचा आवाज आता फुटून जाड झाला होता. "शेजारी शेजारी. वर-खाली नाही."

"आई आणि कॉनी गुरुवारी जेवायला येणार आहेत," तूवा म्हणाली. "आणि बाबा आणि आनेली पण. सगळे तुझ्याकडे. हेरिंग मासे ते आणतील, तू पाव कर."

"भेटीचा हक्क मुलाचा," मेल्कर म्हणाला. "तुझं काम फक्त दार उघडायचं."

  मी उठून दार लावलं. गुनवोर स्वयंपाकघरात गेली, खणातून पेन काढलं, आणि फ्रिजवरच्या कोऱ्या कॅलेंडरवर त्रेपन्न आकड्यापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं: 'माझ्याकडे.' मग तिला उचकी लागली, आणि तूवा पाणी आणायला धावली.